प्रवरेकाठी आलेले मुंबईचे संग्रहालय

श्रीरामपूर तालुक्यातील माध्यमिक शाळांत मी ३१ वर्षे इतिहास शिकवला आणि त्या काळात मुलांना घेऊन निदान नऊ वेळा मुंबईच्या सहलीला गेलो. सहलीचा क्रम ठरलेला असे. पहाटे तीनला एसटी निघायची, दुपारपर्यंत गेटवे आणि राणीची बाग उरकायची, आणि संध्याकाळच्या चौपाटीआधी जो तास-पाऊण तास मोकळा सापडेल तो छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला मिळायचा. रात्रभर न झोपलेली, उन्हाने दमलेली मुले त्या भव्य घुमटाखाली यायची, रांगेने दालनांतून जायची आणि परत आल्यावर सहलीच्या निबंधात ‘आम्ही म्युझियम पाहिले’ एवढे एक वाक्य लिहायची. त्यात मुलांचा दोष नव्हता आणि संग्रहालयाचाही नव्हता. अडीचशे किलोमीटरचे अंतर एका दिवसात कापून पाहिलेल्या वस्तूंपैकी मनात काही उरावे, ही अपेक्षाच चुकीची होती. म्हणूनच या संग्रहालयाची ‘म्युझियम ऑन व्हील्स’ ही बस आमच्या शेजारच्या गावातील शाळेत येणार असल्याचे मुख्याध्यापिकांनी कळवले, तेव्हा निवृत्त होऊन चार वर्षे झालेली असूनही मी सकाळी साडेसातलाच त्या शाळेच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. तो संपूर्ण दिवस मी तेथे होतो. त्या दिवसाचे आणि या उपक्रमाचे माझे मूल्यमापन येथे लिहीत आहे, कारण आपापल्या शाळेत ही बस बोलवावी की नाही असा विचार करणारे शिक्षक आणि पालक आसपासच्या जिल्ह्यांत पुष्कळ असतील.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. या संग्रहालयाची पायाभरणी ११ नोव्हेंबर १९०५ रोजी झाली, इमारत १९१४ साली पूर्ण झाली, पहिल्या महायुद्धात तिचा उपयोग लष्करी रुग्णालयासाठी झाला आणि १० जानेवारी १९२२ रोजी ते लोकांसाठी खुले झाले. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम हे त्याचे जुने नाव १९९८ साली बदलले. संग्रहात पन्नास हजारांहून अधिक वस्तू आहेत आणि त्यांची व्याप्ती पाहता मुंबईत असले तरी हे संग्रहालय राष्ट्रीय तोलामोलाचे आहे, याबद्दल दुमत होणार नाही. सोपाऱ्याला सापडलेल्या अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे तेथे आहेत, सिंधमधील मीरपूरखासची मातीची शिल्पे तेथे आहेत, टाटा बंधूंनी जमवलेला मोठा कलासंग्रह तेथे आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील, प्राचीन इराणचा राजा सायरस याचा लेख कोरलेला मातीचा दंडगोल २०१३ सालच्या अखेरीस याच इमारतीत आला होता आणि २०१७ साली भारताचा व जगाचा इतिहास शेजारीशेजारी मांडणारे मोठे प्रदर्शनही येथेच भरले होते. तेव्हा माझ्या मनात एक विचार सतत येई. लंडनची वस्तू समुद्र ओलांडून मुंबईला येऊ शकते, तर मुंबईची वस्तू घाट चढून आमच्याकडे का येऊ नये? संग्रहालयाने २०१५ साली सिटी या बँकेच्या साहाय्याने सुरू केलेली ही बस म्हणजे त्या प्रश्नाचे प्रत्यक्ष चाकांवर आलेले उत्तर आहे.

बस मोठी आहे, वातानुकूलित आहे आणि आतल्या बाजूला काचेच्या पेट्या बसवून तिचे छोटेसे दालन केलेले आहे. पण मला अधिक महत्त्वाची वाटली ती बसच्या बाहेरची मांडणी. पटांगणातल्या लिंबाच्या सावलीत टेबले लावली होती आणि हातात घेऊन पाहायच्या वस्तू त्यांवर ठेवल्या होत्या. एका वेळी वीस-पंचवीस मुलांची तुकडी बसमध्ये जाई आणि उरलेली मुले टेबलांपाशी थांबत, त्यामुळे कोणीही नुसते रांगेत ताटकळत नव्हते. या फेरीचा विषय सिंधू संस्कृती हा होता. सोबत आलेल्या मार्गदर्शक तरुणी स्वच्छ, साध्या मराठीत बोलत होत्या आणि मुलांनी पहिल्या दहा मिनिटांतच त्यांना ‘ताई’ करून टाकले होते.

सगळ्यात मोठी गर्दी मुद्रांच्या टेबलावर झाली. एकशिंगी प्राणी कोरलेल्या चौकोनी मुद्रेची प्रतिकृती, शेजारी मळलेल्या मातीचे गोळे, आणि मुलांनी मुद्रा मातीत दाबून ठसा उमटवायचा, असा तो साधा प्रयोग होता. सातवीतल्या एका मुलीने ठसा उमटवला, मग मुद्रा आणि ठसा शेजारीशेजारी धरून बराच वेळ पाहिले आणि विचारले, “ताई, हे उलटं का कोरलंय?” ताईंनी लगेच उत्तर दिले नाही. त्यांनी तिलाच विचारले की मुद्रेवरचा प्राणी कोणत्या बाजूला पाहतो आहे आणि मातीतला कोणत्या बाजूला. मुलीने दोन्हीकडे बोट फिरवून पाहिले आणि तिचे डोळे एकदम मोठे झाले. कोरणाऱ्याने ठशात काय दिसेल याचा विचार करून सगळे उलटे कोरले होते, हे तिला स्वतःला उमगले होते. त्यानंतर ताईंनी सांगितले की ठशात ही लिपी साधारणपणे उजवीकडून डावीकडे वाचली जात असावी असे अभ्यासक मानतात, पण ती काय म्हणते हे अजून कोणालाही निश्चितपणे वाचता आलेले नाही. ‘अजून कोणालाच नाही?’ असे मागच्या रांगेतून कोणीतरी पुन्हा विचारले. इतिहासाच्या पुस्तकातील प्रत्येक गोष्ट कधीच ठरून गेलेली आहे, अशी समजूत करून बसलेल्या मुलांना ज्ञानाची हद्द कुठे संपते हे दाखवणे किती आवश्यक असते, हे मी जाणतो. वर्गात खडू घेऊन मला हे इतक्या सहज कधी साधले नव्हते.

दुसरे टेबल वजनांचे होते आणि आमच्याकडच्या मुलांनी ते अक्षरशः ताब्यात घेतले. कांदा आणि सोयाबीन घेऊन बापाबरोबर बाजार समितीत गेलेल्या पोरांना काट्याची भाषा शिकवावी लागत नाही. सिंधू संस्कृतीतील वजने चर्ट नावाच्या कठीण दगडाचे घोटीव ठोकळे असत, आणि लहान वजने १, २, ४, ८, १६, ३२, ६४ अशी दुपटीने चढत जात. त्यांतले सोळापटीचे वजन भरते सुमारे १३.७ ग्रॅम, आणि उत्खननांत हेच वजन सर्वाधिक सापडते. साध्या तराजूवर मुलांनी दोन आठपटीची वजने एका पारड्यात आणि एक सोळापटीचे दुसऱ्या पारड्यात टाकले, आणि काटा मधोमध थांबला तेव्हा टाळ्या पडल्या. हडप्पापासून गुजरातेतील लोथलपर्यंत शेकडो कोसांवर हेच माप चालत होते, ही गोष्ट ताईंनी त्या क्षणी सांगितली. आधी सांगितली असती तर ती माहिती झाली असती. काटा थांबल्यावर सांगितल्यामुळे ती मुलांच्या डोक्यात शिरली. एका मुलाने तर रुपयाचे सोळा आणे असे आजोबा म्हणतात ते यावरूनच का, असे विचारले. ताईंनी सरळ सांगितले की चार हजार वर्षांच्या अंतरातून असा थेट संबंध जोडायला पुरावा हवा, पण सोळाच्या हिशेबाची सवय आपल्याकडे फार जुनी आहे हे खरे. उत्साहाच्या भरात ‘होय’ म्हणणे सोपे होते. त्यांनी तसे केले नाही, याचे मला कौतुक वाटते.

बसच्या आत काचेमागे मोहेंजोदडोच्या नर्तकीची प्रतिकृती होती. पाठ्यपुस्तकात हे चित्र अर्ध्या पानाचे असते, त्यामुळे ती मूर्ती निदान हातभर तरी उंच असेल अशी बहुतेक मुलांची कल्पना होती. प्रत्यक्षात १९२६ साली सापडलेली ती कांस्यमूर्ती जेमतेम १०.५ सेंटिमीटर उंच आहे. आठवीतला एक मुलगा काचेला आपला पंजा टेकवून ती आपल्या तळहातापेक्षाही लहान आहे याची खात्री करून घेत होता आणि मागच्यांना ओरडून सांगत होता. वस्तूचा खरा आकार कळणे ही संग्रहालयाची सर्वांत मोठी देणगी असते असे मी मानतो, आणि ती देणगी प्रतिकृतीही देऊ शकते, जर ती अस्सल मापाची असेल तर.

येथेच तो प्रश्न येतो जो प्रत्येक तुकडीतील कोणी ना कोणी विचारत होते: ‘हे खरंखुरं आहे का?’ नर्तकीची मूळ मूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, आणि येथे आहे ती तिची हुबेहूब नक्कल, असे उत्तर दर वेळी न लपवता दिले जात होते. काही शिक्षकांचा चेहरा त्यावर उतरला. प्रतिकृतीच पाहायच्या तर बस कशाला, असे एकाने माझ्यापाशी बोलूनही दाखवले. मला हे मत मान्य नाही. चार हजार वर्षांची मूळ मुद्रा आमच्या रस्त्यांवरील खड्ड्यांतून, उन्हाळ्याच्या धुळीतून आणायची आणि वर ती मुलांच्या हातात द्यायची, हे कोणीही जबाबदार माणूस करणार नाही. जुन्या कागदावरची चित्रे आणि वस्त्रे तर प्रकाशानेही विटतात, म्हणून संग्रहालये त्यांच्यावर ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) अधिक उजेड पडू देत नाहीत. मातीत दाबायला हवी असेल तर प्रतिकृतीच हवी. मात्र माझा एक आग्रह आहे. जेथे जेथे शक्य असेल तेथे प्रत्येक फेरीत सुरक्षितपणे नेता येईल अशी निदान एखादी मूळ वस्तू असावी: एखादे खापर, एखादा मणी, एखादे झिजलेले तांब्याचे नाणे. मूळ वस्तूसमोर उभे राहिल्यावर माणूस आपोआप गप्प होतो. ते गप्प होणे दूरच्या गावातल्या मुलांच्याही वाट्याला यावे. देशाच्या संग्रहावर दालनाच्या दारापर्यंत पोहोचू शकणाऱ्यांचा जितका हक्क आहे तितकाच न पोहोचू शकणाऱ्यांचा आहे.

आता मी ज्या गोष्टीसाठी मुख्यतः लिहायला बसलो तिच्याकडे येतो. शेवटच्या तुकडीला निरोप देताना ताईंनी मुलांना विचारले, “तुमच्याच तालुक्यात एक दायमाबाद आहे. कोणी पाहिलंय?” साठेक मुले होती. एकही हात वर झाला नाही. मग एक मुलगी म्हणाली, “माझ्या मावशीचं गाव तिकडं जवळ आहे, पण तिथं काय आहे?”

मी मान खाली घातली. आमच्या तालुक्यात, प्रवरेच्या डाव्या तीरावर, ही वसाहत आहे. बी. पी. बोपर्डीकरांनी १९५८ साली तिचा शोध लावला, आणि पुढे म. न. देशपांडे, एस. आर. राव आणि एस. ए. साळी यांनी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वतीने तेथे वेगवेगळ्या वर्षी उत्खनने केली. सावळदा, उत्तर हडप्पा (म्हणजे सिंधू संस्कृतीचा उतरता काळ), दायमाबाद, माळवा आणि जोर्वे असे एकावर एक पाच संस्कृतींचे थर तेथे उलगडले. सिंधू लिपीतील चिन्हे असलेल्या मातीच्या दोन मुद्रा तेथे मिळाल्या. म्हणजे त्या दिवशी टेबलावर मातीत दाबली जात होती तशा मुद्रांची भावंडे आमच्या घरापासून काही कोसांवर जमिनीत होती. आणि १९७४ साली एका स्थानिक शेतकऱ्याला झुडपाची मुळे खणताना तेथे चार कांस्यमूर्ती सापडल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैल जुंपलेला रथ. रथ ४५ सेंटिमीटर लांब आणि १६ सेंटिमीटर रुंद आहे, आणि तो हाकणारा माणूस उभा १६ सेंटिमीटरचा. चारही मूर्ती भरीव आहेत, आणि त्यांचे एकत्रित वजन साठ किलोंहून अधिक भरते. आज भारतीय कांस्यकलेवरचा कोणताही गंभीर ग्रंथ या चार मूर्तींशिवाय पुरा होत नाही. पण त्या दायमाबादला नाहीत, श्रीरामपूरला नाहीत, जिल्ह्याच्या ठिकाणीही नाहीत. त्या महानगरांतील संग्रहालयांच्या संग्रहात गेल्या आहेत.

त्यांनी तसे जाणे योग्यच होते. गावात त्या वितळवल्या गेल्या असत्या किंवा चोरीला गेल्या असत्या, अशी भीती मलाही वाटते. पण एखाद्या गावाच्या जमिनीतून निघालेली वस्तू सांभाळण्यासाठी शहरात न्यायची, तर तिची कहाणी, तिचे माप, तिची प्रतिकृती त्या गावाला परत मिळायला हवी. जुन्या वसाहतीच्या टेकाडाला आमच्याकडे ‘पांढरी’ म्हणतात. पिकाऊ जमीन ती काळी आणि माणसे राहून गेलेली राखेची, भुरकट माती ती पांढरी. काळीचे उत्पन्न शहराकडे जाते, त्याचा भाव तरी मिळतो. पांढरीचे उत्पन्न गेले ते गेलेच. ही बस मला इतकी मोलाची वाटते ती एवढ्यासाठी की पांढरीकडे काहीतरी परत येण्याची ही पहिली ठोस वाट आहे.

ताईंनी मग दायमाबादच्या रथाची गोष्ट सांगितली आणि त्यात एक अडचणही सांगितली, जी कित्येक प्रौढ व्याख्याने गाळून टाकतात. या मूर्ती उत्तर हडप्पा काळातील आहेत असे उत्खननकर्त्यांचे मत असले, तरी धातूतील आर्सेनिकचे प्रमाण एका टक्क्याहून अधिक आढळल्याने काही शास्त्रज्ञांनी त्यांच्या काळाबद्दल शंका घेतली आहे, कारण त्या काळातील अन्य तांब्याच्या वस्तूंत ते तसे दिसत नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना हे कळेल का, अशी शंका मला आली होती. पण लोहारकीचे काम घरी असलेल्या एका मुलाने ‘म्हणजे भेसळ वेगळी म्हणून घराणं वेगळं?’ असे विचारले, तेव्हा माझी शंका फिटली. त्याने अभ्यासकांचा सगळा वाद एका वाक्यात बांधला होता.

दिवसभरात जे बिघडले ते यजमानांच्या बाजूने बिघडले, आणि ते लिहिणे भाग आहे, कारण हीच चूक इतरत्रही होत असणार. दुपारी दुसऱ्या एका शाळेची मुले ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आणि दोन जीपमधून आली. त्यांच्या शिक्षकांनी आल्याआल्या मुलांना हाताची घडी घालून ओळीत उभे केले, ‘हात लावायचा नाही, बोलायचं नाही’ असे दोनदा बजावले आणि वीस मिनिटांत सगळी तुकडी टेबलांसमोरून चालवत नेली. ज्या वस्तू हात लावण्यासाठीच मांडल्या होत्या, त्यांना त्या मुलांपैकी एकानेही हात लावला नाही. मार्गदर्शक ताईंनी नम्रपणे सुचवूनही त्या शिक्षकांना परतीची घाई होती. जीपच्या मागच्या बाकावर बसलेली एक मुलगी मान वळवून मातीच्या टेबलाकडे पाहत गेली, ते दृश्य मला आठवडाभर झोपू देत नव्हते. शिस्त म्हणजे काय, हे आम्हा शिक्षकांना नव्याने शिकावे लागेल.

याउलट दुपारी चारनंतर मुख्याध्यापिकांनी विनंती केली आणि बस गावकऱ्यांसाठी खुली झाली, तेव्हा आलेली माणसे पाहण्यासारखी होती. शेतावरून परतलेल्या बायका चपला बाहेर काढून बसमध्ये चढत होत्या. देवळात जावे तसे. एका आजीबाईंनी जात्याच्या आणि पाट्याच्या दगडांपुढे थांबून सांगितले की असा पाटा त्यांच्या माहेरी अजून आहे, फक्त थोडा उथळ झाला आहे. ताईंनी लगेच वही काढून त्यांना दळण्याची रीत, दगड कुठून आणत, टाकीचे घाव किती दिवसांनी घालावे लागत, हे सगळे विचारून टिपून घेतले. त्या वेळी संग्रहालय नुसते दाखवत नव्हते, शिकतही होते. फिरत्या संग्रहालयाचे याहून मोठे यश मला सांगता येणार नाही.

असे प्रयोग आपल्या देशात नवे नाहीत. कोलकात्याच्या बिर्ला औद्योगिक व तंत्रविज्ञान संग्रहालयाने १९६५ सालीच विज्ञानाची प्रदर्शने बसमध्ये घालून खेड्यांत न्यायला सुरुवात केली, आणि २००७ साली सुरू झालेली सायन्स एक्स्प्रेस ही आगगाडी तर देशभर फिरली. विज्ञानाला ही वाट लवकर सापडली. इतिहास आणि कलेला ती सापडायला पन्नास वर्षे लागली, याचे कारण विज्ञानाचा प्रयोग पुन्हा पुन्हा करता येतो, वस्तू मात्र एकच असते, हे असावे. पण आजच्या तंत्राने प्रतिकृती इतक्या चोख होतात की ते कारणही आता पुरेसे नाही. राज्यातील आणि देशातील अन्य मोठ्या संग्रहालयांनीही अशा बस काढाव्यात, आणि त्यांत शिल्प व मुद्रांच्या बरोबरीने लघुचित्रे, वस्त्रे आणि वाद्ये असावीत, असे मला मनापासून वाटते.

सुधारणेच्या दृष्टीने माझ्या अपेक्षा दोन-तीनच आहेत. एक दिवस अपुरा पडतो. कोणत्याही फिरत्या संग्रहालयाने एका केंद्रावर सलग तीन दिवस मुक्काम करावा, म्हणजे पहिल्या दिवशी बुजलेले मूल दुसऱ्या दिवशी परत येऊन प्रश्न विचारील. बस जेथे जाईल तेथल्या मातीशी नाते असलेली एक तरी वस्तू तिच्यात मुद्दाम घेतलेली असावी: श्रीरामपूर-नेवाशाकडे दायमाबादचा रथ, संगमनेरकडे जोर्व्याचे काळ्या रेघांचे तांबडे तोटीचे भांडे, शिरूरकडे इनामगावचे कुंभदफन, कोल्हापूरकडे ब्रह्मपुरीला सापडलेली पोसायडन या सागरदेवतेची रोमन मूर्ती. आणि बस निघून गेल्यावर शाळेत काहीतरी मागे राहावे. चार प्रतिकृती, एक नकाशा आणि एक तराजू असलेली पेटी पुरे आहे. तेवढ्या पेटीवर एक जाणता शिक्षक वर्षभर शिकवू शकेल.

बोलवू इच्छिणाऱ्या शाळांसाठी अनुभवाचे दोन शब्द. मागणी संग्रहालयाच्या शिक्षण विभागाकडे लेखी आणि बरीच आधी नोंदवावी. मोठी बस वळू शकेल असा रस्ता आणि सपाट पटांगण आहे का ते स्वतः चालून पाहावे, कारण आमच्याकडे एका बांधावरची बोरीची फांदी आदल्या दिवशी छाटावी लागली. मुलांच्या तुकड्या लहान ठेवाव्यात. विषय आठ दिवस आधी वर्गात काढावा आणि मुलांना प्रत्येकी एक प्रश्न लिहून आणायला सांगावे. ज्या वर्गाने प्रश्न लिहून आणले होते तो वर्ग आणि न आणलेला वर्ग यांतला फरक मी दिवसभर डोळ्यांनी पाहिला.

पुढच्या रविवारी मी आणि नऊ मुले सायकलींवर दायमाबादला गेलो. पुरातत्त्व खात्याचा फलक वाचून झाल्यावर मुले टेकाडावर पांगली आणि पायांखाली सगळीकडे खापरांचे तुकडे दिसू लागले. मावशीचे गाव जवळ असलेल्या त्या मुलीला काळी तिरपी रेघ असलेला तांबडा तुकडा मिळाला. तिने तो नखाने वाजवून पाहिला, तेव्हा चांगला खणखणीत आवाज आला. तो घरी न्यायचा नसतो, कोणत्या थरावर, कोणत्या जागी आहे यालाच किंमत असते, हे मी सांगण्याआधीच तिने तो जेथून उचलला होता तेथे रेघेची बाजू वर करून ठेवला आणि वहीत ती जागा खुणेनिशी काढून घेतली.

मुख्याध्यापिकांना मी पुढील वर्षासाठी पुन्हा अर्ज करायला सांगितले आहे. नाण्यांवरचे प्रदर्शनही या बसने याआधी फिरवलेले आहे, आणि आम्हाला या खेपेस तेच हवे आहे. आमच्या भागातील जुन्या घरांत अजून पुतळ्यांच्या माळा आहेत, ज्यांचे मूळ व्हेनिस शहराच्या डुकाट नावाच्या सोन्याच्या नाण्यांत आहे. तीन आजीबाई आपापल्या माळा घेऊन बसपाशी यायला कबूल झाल्या आहेत.